माहनचा शब्द

समन्स रविवारी आलं. त्यावर ओनोराचं नाव होतं, तर्लोचं नव्हतं, आणि घरातल्यांना पहिला राग आला तो याचाच. धडधाकट नवरा घरात असताना बायकोला बोलावतात ही कुठली रीत, असं तर्लो दिवसभर घोळवत होता. ओनोराला मात्र कारण लगेच कळलं. आपला नवरा कोणत्याही साहेबासमोर पापणी न हलवता खोटं बोलू शकतो, हे बरेनच्या टेकड्यांत सगळ्यांना ठाऊक होतं. आणि ओनोरा ओ'लॉखलन खोटी शपथ घेत नाही, हेही तितकंच ठाऊक होतं. ते कोणीतरी कोरोफिनच्या न्यायाधीशाच्या, हॅलम साहेबाच्या, कानावर घातलं होतं.

गुरुवारी कोरोफिनला हजर व्हायचं. शेवटची मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, केव्हा ऐकली, कुठे ऐकली आणि कोणी म्हटली, हे शपथेवर सांगायचं. नाही सांगितलं तर वर्षभर कैद. सांगितलं, आणि सरकारी यादीत नसलेल्या धर्मगुरूचं नाव निघालं, तर त्याला जहाजात घालून देशाबाहेर काढणार. तो पुन्हा परतला तर फाशी.

या भागातले यादीतले एकुलते एक फादर लेंटच्या उपासकाळात वारले होते. यादीतला माणूस गेला की त्याच्या जागी दुसरा नेमायचा नाही, असाच कायदा होता. तेव्हापासून इकडे मिस्सा झालेली नव्हती. पण गेल्या पंधरवड्यात किनाऱ्याला एक होडी लागली, आणि तेव्हापासून ओनोराच्या घरात चमत्कारिक गोष्टी घडू लागल्या. ती स्वयंपाकघरात शिरली की बोलणं थांबायचं. सून साइव एक लांब मोजा रफू करत बसायची, आणि तो मोजा घरातल्या कुठल्याच पायाचा नव्हता. तर्लो गाई सोडताना गुणगुणायचा. अकरा वर्षांत तो गुणगुणला नव्हता.

ओनोराने काही विचारलं नाही. उलट समन्स आल्यावर तिने सगळ्यांना टेबलाशी बसवून बजावलं होतं की कोण आलंय, कुठे उतरलंय, काय खातंय, यातलं एक अक्षर माझ्या कानावर पडता कामा नये. तिचा धाकटा मुलगा फेलिम सतराव्या वर्षी धर्मगुरू व्हायला समुद्रापलीकडे गेला होता. आता तो अठ्ठावीस वर्षांचा असणार. एवढं तिला माहीत होतं आणि एवढ्यावरच तिला थांबायचं होतं. पण मन काही दार नव्हे, की आडणा लावला आणि बंद झालं.

मंगळवारी मेरीमातेचा सण होता. मिस्सा टेकडीवरच्या गुरांच्या जुन्या गोठ्यात ठरली. जागा तर्लोने विचार करून निवडली होती. घरात मिस्सा झाली तर घरमालक अडकतो. गोठा ज्या जमिनीवर होता ती एका लॉर्डची, आणि लॉर्ड वर्षानुवर्षं लंडनला. "धरायचंच तर त्याला धरा म्हणावं," तर्लो म्हणाला, आणि आपल्याच विनोदावर इतका खूश झाला की वर चढताना त्याने तो पुन्हा दोनदा सांगितला.

सकाळ स्वच्छ होती. रात्रीच्या दवाने चुनखडीचे सपाट खडक राखाडीचे निळसर झाले होते आणि त्यांच्या भेगांमधून नेचे बाहेर डोकावत होते. खाली ओटच्या शेतांत अर्धी कापणी उरकलेली दिसत होती. ओनोरा चढून आली तेव्हा गोठ्यात तिचा थोरला, दोनाल, ओट्यावर ठेवलेल्या फळीला वेदीचं रूप देत होता आणि साइव मध्ये चादर टांगत होती. गावची वीस-बावीस माणसं बाहेर खडकांवर बसून होती.

चादरीचं कारण जुनंच होतं. धर्मगुरू पडद्याआड उभे राहिले की लोकांना शपथेवर सांगता येतं, आम्ही कोणाला पाहिलं नाही. आजूबाजूच्या परगण्यांत असंच चालायचं. पण ओनोरा चादरीसमोर उभी राहून बराच वेळ बघत राहिली, आणि मग तिने दोनालला मागे जाऊन वेदीवरच्या मेणबत्त्या लावायला सांगितल्या.

त्या लागल्याबरोबर दोनाल चादरीवर उमटला. खांदे, हनुवटी आणि मध्ये ते नाक.

"मेणबत्त्या वेदीवर, माणूस त्यांच्यापुढे आणि चादर त्याच्या पाठीशी," ओनोरा म्हणाली. "सावली इकडेच पडणार. चादर पातळ आहे."

साइव म्हणाली की सावली म्हणजे काही माणूस नव्हे.

"सावलीला ओ'लॉखलनांचं नाक आहे, बाई. तालुक्यात आंधळ्यालाही ओळखू येईल ते."

"माझ्या लग्नातली चादर आहे, आई. घरात यापेक्षा जाड काही नाही."

"लग्नातली आहे म्हणूनच पातळ आहे. दहा वर्षं झाली."

पडद्यामागून दोनालची सावली हसली, आणि मग दोनाल स्वतः बाहेर आला आणि हसायचा थांबला. रविवारपासून जे बोलायचं राहिलं होतं ते त्याने आता काढलं. आईने आज मिस्सेला थांबूच नये. खाली घरी जावं. काही ऐकलं नाही तर सांगायलाही काही उरणार नाही. नाहीतर सरळ गुरुवारी खोटं बोलावं. पुस्तक त्यांचं, खोली त्यांची, न्यायाधीश त्यांचा. असल्या शपथेला देव शपथ मानत असेल असं त्याला वाटत नव्हतं.

"पुस्तक कोणाचंही असेल," ओनोरा म्हणाली, "तोंड माझं आहे."

"आणि मान कोणाची अडकेल?"

कोणाची, ते म्हणायचं नव्हतं. साइव आतापर्यंत सासूच्या बाजूने होती. ती हळूच नवऱ्याशेजारी जाऊन उभी राहिली. तर्लो दाराच्या चौकटीला टेकून दोघांकडे आळीपाळीने बघत होता. बायकोच्या खरेपणाचा त्याला आयुष्यभर अभिमान होता. आज त्याला तो फार महाग वाटत असणार, हे ओनोराला दिसत होतं. तिला स्वतःलाही तो परवडत नव्हता. पण हा गुण काही तिने बाजारातून आणलेला नव्हता की परत करावा.

मिस्सा चुकवायची नाही, हे मात्र तिचं पक्कं होतं. गुरुवारी ती गप्प राहणार होती. म्हणजे वर्षभर कैद, आणि त्या कैदेतून तिच्या वयाची माणसं परत येतातच असं नव्हतं. जाण्याआधी एकदा ख्रिस्तशरीर जिभेवर पडावं, एवढीच तिची मागणी होती. कोणाच्या हातून, ते तिने मनातल्या मनातही म्हटलं नाही.

बाहेर खडकांवर बसलेली माणसं एकाएकी उठली. टेकडीच्या वाटेने एक घोडेस्वार येत होता.

घोडा चांगला होता, म्हणजे कोण आलंय ते जवळून बघायची गरज नव्हती. पाच पौंडांच्या वरचा घोडा कॅथलिक माणसाला ठेवता येत नाही. असला घोडा ठेवणारा ओ'लॉखलन एकच: माहन, तर्लोचा थोरला भाऊ. नऊ वर्षांपूर्वी बाप वारला, आणि नव्या कायद्याने जमीन दोन भावांत कापली जाणार होती. थोरल्याने राजाचं चर्च पत्करलं तरच ती सबंध राहते. माहनने कोणाला विचारलं नाही. एका रविवारी तो एनिसच्या चर्चमध्ये गेला, त्यांची भाकरी खाल्ली, त्यांचा द्राक्षरस प्याला, आणि जमीन सगळी त्याची झाली. त्याने ती विकली नाही, तर्लोला तिथून हलवलंही नाही. पण तेव्हापासून रस्त्यात गाठ पडली तर तर्लो टोपीला हात लावायचा आणि पुढे व्हायचा. घरात त्याचं नाव निघालंच तर "तो फिरलेला" एवढंच निघायचं. आता तो कोर्टात दुभाष्या होता. साहेबांना आयरिश येत नाही आणि लोकांना इंग्रजी येत नाही, त्यामुळे त्याला काम भरपूर होतं.

दोनाल दारात आडवा उभा राहिला. हाताशी कोयता होता, तो त्याने उचलला नाही, पण त्याच्याकडे एकदा बघून घेतलं.

"आत येत नाही मी," माहन उतरत म्हणाला. "मला आत येता येत नाही, ते मला ठाऊक आहे. ओनोराशी दोन शब्द बोलायचे आहेत."

"काय बोलायचंय ते सगळ्यांसमोर बोला, काका."

"दोनाल, बाजूला हो," ओनोरा म्हणाली.

माहन उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि ती आत. तो म्हातारा झाला होता. केस पार पांढरे झाले होते आणि अंगावरचा कोट उंची लोकरीचा होता, जाड, काळा, थेट पोटऱ्यांपर्यंत. आत मेणबत्त्या आहेत, फळी आहे, चादर आहे, हे त्याला दिसत होतं. त्याने तिकडे बघायचं टाळलं.

त्याने सांगितलं ते थोडक्यात असं. गुरुवारी हॅलम साहेब इंग्रजीत विचारणार. प्रश्न कागदावर लिहून तयार आहेत आणि माहनने ते पाहिले आहेत. कोणाच्या घरात नव्हे, टेकडीवर मिस्सा ऐकली, एवढ्याने कोणाचं काही बिघडत नाही. खरा प्रश्न एकच आहे: मिस्सा कोणी म्हटली, हे तू जाणतेस का?

"आणि तो तुला विचारायचा मी," माहन म्हणाला. "आयरिशमध्ये. मी विचारीन, पाहिलंस का."

ओनोराच्या कपाळाला आठी पडली, तसा तो समजावू लागला.

"आपल्या भाषेत 'हो' असा सुटा शब्द नाही, 'नाही' असाही नाही. जे क्रियापद विचारलं तेच माणूस परत देतो. पाहिलंस का विचारलं, तर तू पाहिलं म्हणणार किंवा नाही पाहिलं म्हणणार. तिसरं काही तुला म्हणताच येणार नाही. ते मी साहेबाला सांगेन."

"त्याने जाणतेस का विचारलेलं असताना."

"आपल्याकडे माणूस जाणणं म्हणजे त्याचं तोंड ओळखणं. तोंड पाहिल्याशिवाय ओळखणार कसं? भाषांतर फार चुकीचं नाही."

"थोडं चुकीचं आहे."

"थोडं आहे," माहनने मान्य केलं.

"आणि त्याने दुसऱ्यांदा विचारलं तर?"

"तर मी दुसऱ्यांदाही पाहिलंस का असंच विचारीन."

"दुभाष्यालाही शपथ असते, माहन."

"असते." तो पहिल्यांदाच थोडा हसला. "नऊ वर्षांपूर्वी एक घेतली होती मी. तिच्यापुढे ही हलकी आहे. माझ्या शपथेचं मी बघून घेईन, ओनोरा. तू फक्त तुझी सांभाळ. पाहू नकोस, एवढंच. डोळ्यांनी पाहू नकोस."

दोनालला यातलं काहीच पटेना. हा माणूस इथली तोंडं मोजायला आलाय, असं तो बापाच्या कानात म्हणाला, आणि इतक्या मोठ्याने म्हणाला की ते माहनलाही ऐकू गेलं. तर्लोने थोरल्या भावाकडे बघितलं. नऊ वर्षांत तो त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिला नव्हता. मग त्याने दोनालला चादर काढायला सांगितली.

"ती पातळ आहे," तो माहनला म्हणाला. "तुझी भावजय म्हणते सावली पडते."

माहनने कोट उतरवला.

कोट दोन बाह्यांनी आढ्याला बांधला. चादर त्याच्या दोन्ही बाजूंना सोडली. दोनाल पुन्हा मागे गेला, मेणबत्त्यांपुढे उभा राहिला, हात वर केले, वाकला. इकडे काळ्या लोकरीशिवाय काही नव्हतं. राजाच्या चर्चमध्ये दर रविवारी जाणारा कोट मिस्सेला आडोसा म्हणून लागला, हे साइवच्या लक्षात आलं आणि तिला हसू आवरेना. सासूने डोळे वटारले तेव्हा ती थांबली, पण ओनोराच्याही ओठांच्या कडा हलल्या होत्या.

लोक आत आले. ओनोरा अगदी पुढे गुडघे टेकून बसली, कारण मागे बसली असती तर कोटाच्या कडेला फट दिसली असती. गोठ्याच्या मागच्या भिंतीत मेंढ्या जाण्यापुरतं एक भोक होतं. तिथून कोणीतरी वाकून आत आलं. दगड सरकला, कपड्यांची सळसळ झाली. मग श्वास घेतल्याचा आवाज आला.

तेवढं पुरलं. लॅटिनचा पहिला शब्द नंतर आला. बोलण्याआधी नाकाने छोटासा श्वास घ्यायचा, जणू थंड पाण्यात पाय घालायचाय, ही त्याची सवय चार वर्षांचा असल्यापासूनची. आवाज दाट झाला होता. शब्दांना परदेशी वळण आलं होतं. श्वास तोच होता.

तिने डोळे मिटून घेतले. आता ती जाणत होती. जाणण्याला आडणा नसतो.

मिस्सा सावकाश झाली. माशा गुणगुणत होत्या, कोणाचं तरी मूल कुरकुरून शांत झालं. तिने एरवी या वेळी मागण्या मागितल्या असत्या, जिवंतांसाठी, मेलेल्यांसाठी, गुरुवारसाठी. आज तिला काही मागायचं सुचलं नाही. पोट भरल्यावर माणूस बसतो तशी ती बसून होती.

ख्रिस्तशरीर द्यायची वेळ आली तेव्हा कोट आणि चादर यांच्यामधून एक हात बाहेर आला. तिला तो दिसला नाही. साइवने दंडाला धरून तिला पुढे केलं. "आई, एकदाच उघडा डोळे," ती पुटपुटली, "कोणी सांगणार नाही." ओनोराने मान हलवली, तोंड उघडलं आणि जीभ पुढे केली. बोटांना मेण, धूर आणि समुद्राचा वास होता. भाकरीचा पातळ तुकडा जिभेवर ठेवल्यावर हात मागे जायला हवा होता. तो क्षणभर थांबला, आणि अंगठ्याचं टोक तिच्या हनुवटीला लागलं. मग गेला.

मिस्सा संपली. दगड पुन्हा सरकला. सगळे बाहेर निघाले, पण ओनोरा भिंतीकडे तोंड करून तशीच बसून राहिली, आणि साइवने "आता चला" म्हटल्यावरच उठली.

बाहेर ऊन पसरलं होतं. खडकावर ओटच्या भाकऱ्या, लोणी, ताक आणि उकडलेल्या अंड्यांची टोपली मांडली होती. मिस्सेआधी कोणी काही खाल्लेलं नसतं, त्यामुळे सगळे भुकेले होते आणि सणाच्या दिवशी माणसं जेवढ्या मोठ्याने बोलतात तेवढ्या मोठ्याने बोलत होते. माहन दारापासून दहा पावलांवर घोड्याजवळ उभा होता, नुसत्या सदऱ्यावर. त्याने सगळी मिस्सा तिथून ऐकली होती की नाही, कोणी विचारलं नाही. ओनोराला मात्र त्याच्या गुडघ्यांना चुन्याची पांढरी पूड लागलेली दिसली.

तर्लोने टोपलीतलं एक अंडं उचललं, दोन्ही हातांत घोळवलं, आणि जाऊन भावाला दिलं. मग दोघे तिथेच उभे राहून काहीतरी बोलत राहिले. बराच वेळ. दोनालने कोट झटकला, घडी घातली, आणि स्वतः नेऊन दिला नाही, साइवबरोबर पाठवला. एवढ्यावर त्या दिवसाचं भागलं.

गुरुवारी ती आणि तर्लो पहाटेच निघाले. सगळी वाट तिने नजर पायांशी ठेवूनच कापली. गेले दोन दिवस ती अशीच वावरत होती; शेतात कोणी अनोळखी असल्याची चाहूल लागली की बांधाकडे पाठ.

हॅलम साहेबाच्या दिवाणखान्यात मेणाच्या पॉलिशचा वास येत होता. साहेब तरुण होता, त्याचं गवत कापून पडलं होतं आणि दक्षिणेला ढग जमत होते, त्यामुळे त्याचं अर्धं लक्ष खिडकीकडे होतं. एक कारकून लिहायला. माहन टेबलाच्या कडेला उभा होता, अंगात तोच कोट. ओनोराने पुस्तकावर हात ठेवला.

केव्हा ऐकली? मंगळवारी, सणाच्या दिवशी. कुठे? टेकडीवर, लॉर्डच्या जुन्या गोठ्यात. साहेबाने लॉर्डचं नाव ऐकून भुवई उचलली आणि कारकुनाला ते लिहू नको म्हणून खूण केली. मग त्याने कागदावरचा तो प्रश्न वाचला. इंग्रजी शब्द तिच्या डोक्यावरून गेले.

माहन तिच्याकडे वळला. "मिस्सा कोणी म्हटली, त्याला तू पाहिलंस का?"

"नाही पाहिलं."

माहनने साहेबाला एकच शब्द सांगितला. साहेबाने मान वर केली. हिची कीर्ती त्याने ऐकली होती, आणि ही उत्तर देईल अशी त्याला आशा होती. त्याने प्रश्न पुन्हा विचारला, हळू, शब्द सुटे करून. ओनोराला वाटलं, माहनचा आवाज आता कापेल. कापला नाही.

"पाहिलंस का?"

"नाही पाहिलं. पडदा होता."

कारकुनाची लेखणी चालली. साहेब कागदाची घडी घालणार इतक्यात त्याने पुन्हा खिडकीबाहेर पाहिलं, आणि जाता जाता आठवल्यासारखं काहीतरी विचारलं. ते कागदावर नव्हतं. माहनच्या चेहऱ्यावरून तिला ते कळलं.

"तुझा एक मुलगा समुद्रापलीकडे गेला होता," तो म्हणाला. "त्याला तू शेवटचं केव्हा पाहिलंस, असं साहेब विचारतो." मग तिलाच ऐकू येईल इतक्या हळू तो म्हणाला, "शब्द त्याचाच आहे. मी बदललेला नाही."

ओनोराने श्वास घेतला. तिला कोणी हा प्रश्न विचारलाच नव्हता. घरच्यांना माहीत होतं म्हणून, शेजाऱ्यांना धीर नव्हता म्हणून.

"अकरा वर्षांपूर्वी," ती म्हणाली. "सेंट मायकेलच्या सणानंतर दुसऱ्या दिवशी, गॉलवेच्या धक्क्यावर. सकाळची भरती होती. त्याने बापाचे बूट घातले होते, ते त्याला मोठे होत होते, म्हणून आत लोकर कोंबली होती. त्याने मागे वळून पाहिलं नाही. मी त्याला तसं सांगितलं होतं, वळू नकोस म्हणून. होडी वळली तेव्हा त्याचं डोकं मला दिसलं, मागून. केस मीच कापले होते, डाव्या बाजूला जरा जास्त कापले गेले होते. त्यानंतर मी त्याला पाहिलेलं नाही."

माहनने सांगायला सुरुवात केली. त्याने बूट सांगितले, लोकर सांगितली, केस सांगितले. एक शब्द सोडला नाही, एक घातला नाही. तिला इंग्रजी येत नव्हती, पण किती वेळ लागतोय त्यावरून ते समजलं. कारकुनाने लिहिणं थांबवलं होतं. साहेबाने खिडकीवरून नजर काढली आणि टेबलावर ठेवली. शेवटी तो एवढंच म्हणाला की हिला जाऊ द्या.

बाहेर अंगणात तर्लो दोन्ही हातांत टोपी पिळत उभा होता. बायकोला बघून तो खाली दगडावर बसला. ओनोरा त्याच्याजवळ न जाता माहनकडे वळली.

"ही शपथ किती दिवस चालते?"

"आज विचारलेलं आजपुरतं. पुन्हा बोलावलं तर पुन्हा."

"म्हणजे आता मी काहीही पाहिलं तर माझी आजची शपथ खोटी होत नाही."

"नाही होत."

रविवारपासून, खरं तर होडी लागल्यापासून, जे तिने कोणाला विचारलं नव्हतं ते तिने आता विचारलं. "कुठे आहे तो?"

माहनने तर्लोकडे पाहिलं. तर्लोने दगडावरूनच सांगितलं की तुझ्याच वरच्या शेतात. दोनालबरोबर ओट कापतोय, सोमवारपासून. काल तू ताक घेऊन आलीस तेव्हा तीन हातांवर होता आणि तू बांधाकडे पाठ करून उभी होतीस. आणि कापायला काही शिकला नाही परदेशात, ढीग घालतो ते सगळे कलतात.

ओनोरा हसली, आणि हसता हसता तिला शालीच्या टोकाने डोळे पुसावे लागले. घर दहा मैलांवर होतं. तिने बूट काढून हातात घेतले, अनवाणी लवकर चालता येतं म्हणून.

माहनने घोडा आणला आणि वर चढून बसला. नऊ वर्षांत तिने त्याच्या घरचं चिमूटभर मीठही घेतलेलं नव्हतं. त्याने पाय काढून रिकीब तिच्याकडे वळवली. ओनोराने तर्लोच्या हातात बूट दिले, माहनच्या मागे चढून बसली आणि कोटाला घट्ट धरलं.

"तू ये मागून, सावकाश," ती नवऱ्याला म्हणाली, आणि माहनच्या पाठीवर थाप मारली. "आणि तू जरा जोरात हाक."